तिथीची पाऊणपट

आम्हा सोलापूरकरांना ‘पाणी कधी येणार?’ हा प्रश्न जन्मापासून पाठ असतो. आमच्याकडे ते नळाला येतं, चार-पाच दिवसांनी आणि बहुधा झोपेच्या वेळी. म्हणून देवबागच्या वाळूवर उभं राहून होडीवाल्या काकांना मी तोच प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या भाच्याला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी उलट विचारलं, “आज तिथी काय?”

माघ वद्य सप्तमी होती. घरून निघताना पंचांग बघायची आईची सवय माझ्यात उतरली आहे, म्हणून सांगता आलं.

“मगे साताची पाऊणपट करा.”

साताची पाऊणपट सव्वापाच. सव्वापाचला मुंबईत पूर्ण भरती. मालवणात तिच्या तासभर आधी. म्हणजे आम्ही एसटीतून उतरून बॅगा वाहत आलो तोवर पाणी भरून झालं होतं आणि नुकतंच उतरायला लागलं होतं. वाळूवरची ओली रेघ लाटेच्या हातभर वर राहिली होती, हे मला त्यांनी सांगितल्यावर दिसलं.

तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला असा हिशेब मिळाला की तिला रात्री झोप लागत नाही. भरती रोज साधारण अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र तेवढा उशिरा उगवतो. पाऊणपटीत पंचेचाळीसच मिनिटं धरली आहेत. म्हणजे अमावास्येच्या बाराला सुरू केलेला हिशेब पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाने चुकतो. सकाळी ही चूक मी काकांना दाखवली. त्यांनी इंजिनाची दोरी गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं.

“बाई, पाऊण तासान कोण बुडणा नाय.”

तेव्हापासून देवबाग सोडेपर्यंत ते मला ‘बाई’च म्हणत राहिले, आणि मला ते आवडलं.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये उरलेली जमिनीची एक पट्टी. रस्त्यावर उभं राहिलं तर एका बाजूने लाटांचा आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूला माडांमधून नदीचं गप्प पाणी चमकतं. वरच्या अंगाला तारकर्ली, त्यापुढे मालवण. इथे येणाऱ्याचा दिवस ठरलेला असतो: सकाळी डॉल्फिन, मग संगमाच्या वाळूच्या बेटावर जेट-स्की आणि बनाना बोट, दुपारी स्कूबा, संध्याकाळी सिंधुदुर्ग किल्ला, रात्री सुरमई. सगळ्याचं मिळून एक पॅकेज, आणि पॅकेज घड्याळावर चालतं. माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने तेच ठरवून आणलं होतं. मला पोहता येत नाही. मी सोबत आले होते ती त्याच्या आईने पाठवलं म्हणून, आणि पिशवीत कडक भाकरी व शेंगाचटणी होती म्हणून उपाशी मरण्याची भीती नव्हती.

अष्टमीला सकाळी सातला आम्ही निघालो. आठाची पाऊणपट सहा, तास वजा, पाच. म्हणजे पहाटे पाचला भरती होऊन गेली होती आणि नदी आता भराभर समुद्रात रिकामी होत होती. काकांनी होडी नदीच्या मुखाशी नेली आणि इंजिन बंद केलं. समोर भोगव्याचा डोंगर, पाण्यावर विरळ धुकं. बाकीच्या होड्या मात्र आत, खोल पाण्याकडे गेल्या. आठ-दहा तरी असतील. मग एका होडीतून कोणीतरी ओरडलं आणि सगळ्याच होड्या तिकडे वळल्या. ज्या दिशेला पंख दिसला तिकडे दहा इंजिनं एकदम. पंख बुडाला की शांतता. दुसरीकडे दिसला की पुन्हा धाव. शाळेच्या मैदानावर सगळी पोरं चेंडूमागे पळतात, तसं चाललं होतं. लांबून बघताना मला लोकांचा राग आला नाही. त्यांनी डॉल्फिनचे पैसे भरले होते आणि होडीवाल्याला ते दाखवायचे होते. पण त्या प्राण्याला वर यायचं असतं ते श्वास घ्यायला, एवढं तरी कुणी होडीत बसल्या बसल्या सांगायला हवं.

“आपण जाऊ या ना तिकडे,” भाचा म्हणाला.

“वायच थांबा. दिसले तर दिसतले.”

अर्धा तास काही दिसलं नाही. काकांनी तंबाखू मळली. पाणी सुकतीला लागलं की खाडीतली बोय, शेवटे असले मासे पाण्याबरोबर बाहेर येतात आणि मुखाशी गर्दी होते, एवढंच त्यांनी सांगितलं. मला एव्हाना होडीच्या हेलकाव्याने मळमळायला लागलं होतं. मी डोळे मिटून घेतले. म्हणून मला ते आधी ऐकू आले. खिलार बैल गव्हाणीत तोंड घालून जोरात फुरफुरतो ना, अगदी तस्सा आवाज, आणि तोही पाठीमागून, दोन हातांवरून आल्यासारखा.

डोळे उघडले तर राखाडी पाठ पाण्यावरून सरकत होती. सिनेमातल्यासारखी उडी वगैरे काही नाही. आधी लांब चोच तिरकी वर आली, मग डोकं, मग पाठ, आणि पाठीवर चक्क वशिंड. त्या उंचवट्यावर लहानसा पंख बसवलेला. हे हम्पबॅक जातीचे डॉल्फिन. खोल समुद्रात फारसे न जाणारे, किनाऱ्याच्या आणि खाड्यांच्या उथळ पाण्यात राहणारे, म्हणून माणसाच्या सगळ्या उद्योगांच्या वाटेत येणारे. मोठ्याच्या बगलेला एक पिल्लू होतं. आई वर आली की तेही येई, पण त्याला घाई असावी. ते दरवेळी डोकं जरा जास्तच बाहेर काढी. चार होते, की पाच, हे तीस वर्षं मुलांची हजेरी घेऊनही मला नक्की मोजता आलं नाही. एकाने मासा आडवा धरला, हवेत झटकला, सरळ केला आणि गिळला. काटा लागू नये म्हणून मासा डोक्याकडून गिळायचा, ही अक्कल मालवणातल्या मांजरालाही आहे.

दहा मिनिटांनी एका होडीने आम्हाला पाहिलं. मग दुसरीने. इंजिनांचा आवाज जवळ यायला लागला तसे डॉल्फिन न घाबरता, न धावता, नुसतेच नाहीसे झाले. काकांनी इंजिनाची दोरी ओढली.

परत आल्यावर, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मावशींनी घावणे वाढले. मी माझी शेंगाचटणी काढली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, ही पेजेबरोबर बरी लागेल. संध्याकाळपर्यंत अर्धी पुडी संपली होती. मग मीही सोलकढीची तिसरी वाटी संकोच न करता मागितली.

नवमीला मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून समुद्रात उतरायचं होतं. भाच्याला स्कूबा, मला स्नॉर्केलिंग. काका आदल्या रात्रीच म्हणाले होते की दिवस चांगला आहे, भांगाचं पाणी आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीच्या सुमाराला चंद्र-सूर्य एकमेकांना काटकोनात ओढतात, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी, तो भांग. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं, मालवणला जेमतेम दोन. भांगाला त्याहूनही कमी. पाणी कमी हललं की गाळ कमी उठतो आणि तळ दिसतो.

पोहता न येणाऱ्या बाईला पाण्यात तोंड घालायला लावणं हे किती अवघड काम आहे ते त्या विशीतल्या पोराला विचारावं, ज्याने रबरी रिंगला धरून मला खेचत नेलं. “नाकान नको, तोंडान श्वास घ्या,” हे त्याने किमान वीस वेळा सांगितलं असेल. एकदा खारट पाणी प्यायले, दोनदा मुखवटा काढून टाकला. तिसऱ्यांदा पाहिलं. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. पोस्टरवरच्या जांभळ्या-गुलाबी बागा विसरा. इथलं प्रवाळ मातकट, शेवाळी, पिवळट. कुठे मेंदूच्या घड्यांसारखं, कुठे थाळीसारखं पसरलेलं. मध्ये पांढऱ्या पडलेल्या जागाही आहेत. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की प्रवाळातले सूक्ष्म शैवाल निघून जातात आणि आतला चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो, हे मी वर्गात वाचून दाखवलेलं होतं. रंग गेलेली जागा वितभर अंतरावरून पाहिली ती इथे. काळ्या पट्ट्यांचे चपटे मासे माझ्या काचेपर्यंत आले. मी हरखले. मग कळलं की ते माझ्याकडे नव्हे, पोराच्या मुठीतल्या पावाच्या चुऱ्याकडे आले होते. फोटोत मासे हवेत म्हणून पाव. प्रवाळाच्या राज्यातल्या माशांना मैद्याची चटक लावायची ही कल्पना कोणाची, देव जाणे.

भाच्याचं स्कूबा मात्र फसलं. ज्यांच्याकडे पैसे भरले होते त्यांनी अर्धा तास कबूल केला होता. तो अकरा मिनिटांत वर आला, कारण मागे रांग होती. संध्याकाळी व्हिडिओ मिळाला. त्यात तो हात हलवतो, अंगठा दाखवतो आणि मग एक भलं मोठं हिरवं कासव पोहत जातं.

“कासव दिसलं होय रे तुला?”

“नाही ना मावशी. ते सगळ्यांच्याच व्हिडिओत आहे.”

या खडकांचा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, महाराष्ट्रातलं पहिलं. मासेमारीवर बंधनं येतील म्हणून मच्छीमारांचा त्याला पहिल्यापासून विरोध, आणि तो मला समजतो. ज्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या जाळं टाकलं ते एके दिवशी कागदावर दुसऱ्याचं होतं. पण आता त्याच मच्छीमारांची मुलं तिथे पर्यटक उतरवतात, म्हणजे जिवंत प्रवाळावरच त्यांचं पोट आहे. नांगर कुठे टाकायचा आणि कुठे नाही हे त्या पोराला नेमकं ठाऊक होतं. पावाचं मात्र त्याने हसण्यावारी नेलं.

किल्ला आम्ही उभ्या-उभ्या केला. कुरटे बेटावरचं ४८ एकरांचं हे काम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि तीनेक वर्षांत उभं राहिलं, हे शाळेत शिकवतातच. मी थांबले ती दोन जागी. एक, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींपाशी; चहूबाजूंनी समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, हे सोलापूरच्या माणसाने डोळे भरून पाहावं असं आहे. दुसरी, तटावरच्या त्या लहान घुमटीपाशी जिथे चुन्यात उमटलेला शिवाजी महाराजांच्या पावलाचा ठसा जपला आहे. भाच्याने आपलं पाऊल हवेत धरून माप घेतलं. मी त्याला ओरडले नाही.

दशमीला कर्लीचा पूल ओलांडून वेंगुर्ल्याला आलो. हा माझा हट्ट. मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात आणि ती इंजिनाच्या नव्हे, वल्ह्याच्या होडीतून, हे मी वाचलं होतं. इथेही पहिला प्रश्न वेळेचा. दहाची पाऊणपट साडेसात, तास वजा, साडेसहा. म्हणजे दुपारी साडेबाराला पूर्ण ओहोटी. आम्हाला दोनला बोलावलं होतं; तेव्हा चिखल उघडा असतो आणि पाणी हळूहळू चढायला लागलेलं असतं. माझं उत्तर बरोबर आलं याचा मला झालेला आनंद भाच्याला कळला नाही.

साडीवर लाइफ जॅकेट घातलेल्या दोन बायका, एक पुढे, एक मागे. वल्हं पाण्यात शिरतं तेव्हा चुळूक, निघतं तेव्हा ठिबकठिबक, बाकी आवाज नाही. दोन्ही बाजूंना कांदळाच्या मुळांच्या कमानी. झाडं चिखलात गुडघे रोवून उभी असल्यासारखी. पुढच्या ताईंनी एका फांदीला लोंबणारी हिरवी शेंग दाखवली. लांबीला शेवग्यासारखी, खाली टोकदार. ती शेंग नव्हेच, रोप आहे. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, वीतभर वाढतं आणि मग सुटून चिखलात उभं घुसतं. नाहीतर तरंगत जाऊन जागा मिळेल तिथे उभं राहतं. “पोर हातापायान धड झाल्यार मगच सोडता,” ताई म्हणाल्या.

तिवराचं पान त्यांनी भाच्याला चाटायला लावलं. खारट! झाड मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. उन्हात धरलं तर कण चमकतात. चिप्पीचं पांढरं फूल रात्री उमलतं आणि सकाळी त्याचे तंतू पाण्यावर पडलेले असतात, म्हणून आम्हाला नुसत्या कळ्याच दिसल्या. २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून या पांढऱ्या चिप्पीची निवड झाली. आंबा राज्यवृक्ष हे मुलांना पाठ असतं, हिची बातमी आमच्या शाळेपर्यंत कधी आलीच नाही.

मग होडी एका चिखलाच्या काठाला लागली आणि ताईंनी वल्हं आडवं ठेवलं. काही बोलल्या नाहीत. सुरुवातीला मला नुसता चिखल दिसला. दोन मिनिटांनी चिखलाला डोळे फुटले. निवटे! बोटाएवढे, चिखलाच्याच रंगाचे, डोक्यावर दोन फुगीर डोळे. मासा असून पाण्याबाहेर, पुढच्या परांवर कोपर टेकून बसावं तसे. कल्ल्यांत पाणी साठवून ठेवतात आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतात, म्हणून जमतं. एक निवटा दुसऱ्याच्या बिळापाशी गेला. मालकाने पाठीवरचा पंख छत्रीसारखा ताडकन उघडला. पाहुणा टुणकन उडी मारून परत. त्यांच्यामध्ये लहान खेकडे, नरांचा एक नांगा अंगापेक्षा मोठा, आणि तो सारखा वर-खाली, वर-खाली. उत्तर येत असो वा नसो, पहिल्या बाकावरून हात वर करणारी पोरं असतात, त्यांची मला आठवण झाली. पाणी चढत होतं. कडेच्या बिळांत एकेक खेकडा शिरला आणि चिखलाचं बूच आतून ओढून घेतलं.

“निवट्याचं कालवण चांगला लागता,” मागच्या ताईंनी माहितीत भर घातली.

परतताना वर एक मोठा पक्षी पंख न हलवता गेला. पांढरं पोट, पंखांची मागची किनार काळी, समुद्री गरुड. पायात लांबोळकं काहीतरी वळवळत होतं, साप की वाम ते कळलं नाही.

वेंगुर्ल्याजवळच वायंगणीचा किनारा आहे. माघ-फाल्गुनात तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघतात. ओडिशात ही कासवं हजारोंनी एकदम येतात. कोकणात मादी एकटी येते, रात्री खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि मागे न बघता जाते. पूर्वी ही अंडी कोल्हे, कुत्रे आणि माणसं खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला अंडी राखायला सुरुवात केली, तो शिरस्ता मग खाली सिंधुदुर्गापर्यंत आला. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी असावीत असं पुष्कळांना वाटे. पण ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून आली असणार.

एकादशीला पहाटे सहाला आम्ही जाळीच्या कुंपणापाशी पोचलो. राखणदार गावातलाच, पन्नाशीचा, कानटोपी घातलेला. आदल्या संध्याकाळीही आम्ही दोन तास बसून गेलो होतो आणि काहीच निघालं नव्हतं. एकावन्नावा दिवस, घरट्यावरची वाळू खचून खळगा पडलेला, म्हणजे आत हालचाल आहे. पण कधी वर येतील ते त्यांचं तेच ठरवतात. त्याने टोपली उचलली. खाली एकच पिल्लू होतं. काळंभोर, तळव्यात मावेल एवढं, पाठीवर वाळू.

त्याने ते पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर ठेवलं. अकराची पाऊणपट सव्वाआठ, तास वजा, सव्वासात; पाणी बरंच वर आलेलं होतं, चाल कमी पडणार होती. पिल्लू क्षणभर थांबलं, मग वल्ही मारल्यासारखे चारही पाय मारत निघालं. चार हात गेलं आणि दिसेनासं झालं. ते एका पावलाच्या खळग्यात पडलं होतं. पाऊल माझं. फोटो काढायला मी पुढे गेले होते तेव्हाचं.

“उचलू का?”

“नको.”

टाचेकडची भिंत उभी, तिकडून ते दोनदा घसरलं. मग अंगठ्याच्या बाजूला वळलं, तिथे उतार होता. पुढचा पाय कडेवर टेकला, वाळू ढासळली, पुन्हा टेकला. एका कावळ्याने सुरूवरून खाली झेप घेतली. भाचा ओरडत धावला. पिल्लू कडेवर पोटावर आडवं झालं, तसंच पडून राहिलं, आणि मग उतरणीला लागलं. पहिल्या लाटेने त्याला उलटं परत आणून टाकलं. दुसरीने नेलं.

राखणदाराने वही काढली. तारीख, घरट्याचा क्रमांक, आणि पुढे ‘१’. बाकीची संध्याकाळी निघतील म्हणाला. मग कुंपणाला टेकवलेली एक फळी माझ्या हातात दिली आणि कुंपणापासून पाण्यापर्यंतची वाळू दाखवली. मी चपला काढल्या आणि मागे मागे सरकत, फळी ओढत, आमची पावलं पुसायला लागले.